मिसाकच्या नावावर

शोभाताईंना आपल्या विहिणीचा संशय लग्नाच्या बोलण्यांपासूनच होता. फक्त तो कशाचा, हे त्यांना बारा-तेरा वर्षं धड सांगता आलं नव्हतं.

आरक्सीबाई चिलिंगिरियन वागायला वाईट नव्हत्या. सून म्हणून अदितीला त्या कधी टाकून बोलल्याचं ऐकिवात नव्हतं. दिवाळीला न चुकता हजर असायच्या, आणि शोभाताईंचे यजमान त्र्यंबकराव गेले तेव्हा त्यांनी दहा दिवस जेवणाचा डबा पाठवला होता. पण त्यांच्या घरात टेबलावर एक कागद कधी दिसायचा नाही. पत्र आलं की फोडण्याआधी त्या ते उलटसुलट करून बघत. एकदा जनगणनेचा माणूस दारात आला तर त्या मागच्या खोलीत जाऊन बसल्या होत्या. ही हकिकत त्यांच्या मुलाने, राफीने, हसत हसत सांगितली होती. शोभाताई हसल्या नव्हत्या. जन्म डेट्रॉइटचा, वय एक्याऐंशी, सगळी हयात इथेच गेलेली. या बाईला जनगणनेची धास्ती कशाला?

चौतीस वर्षं शोभाताईंनी डेट्रॉइटच्या एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्टचं काम केलं होतं. काचेवरच्या तुकड्यात जे दिसतं ते लिहायचं, दिसत नाही ते लिहायचं नाही, आणि शंका असेल तर दुसरी काच मागवायची, हा त्यांचा शिरस्ता. निवृत्त होऊन डेट्रॉइटजवळ नोव्हायच्या कॉन्डोमध्ये एकट्या राहायला लागल्यावरही तो सुटला नाही. गेली दोन वर्षं त्या सासरच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची अमेरिकेतली शाखा लिहीत होत्या. कोण कधी जन्मलं, कुठे शिकलं, कोणाशी लग्न झालं. एकेका तारखेसाठी प्लेनोपासून कॅरीपर्यंत अमेरिकाभर फोन करून त्यांनी नातेवाइकांना सळो की पळो करून सोडलं होतं.

त्यामुळे नात अनया मार्चमध्ये वही घेऊन आली तेव्हा त्यांना कामच मिळालं.

अनया बारा वर्षांची. तिला दोन आज्या. एक आजी आणि एक नेने. आर्मेनियन मुलं आजीला नेने म्हणतात. नेने हे आपल्याकडे आडनाव असतं, हे शोभाताईंनी तिला एकदा सांगितलं तर ती पोट धरून हसली होती. नेने मात्र तिला अनया न म्हणता ‘आनी’ म्हणायच्या, कारण आनी हे आर्मेनियन नाव आहे. हेही शोभाताईंनी मनात कुठेतरी टिपून ठेवलेलं.

दरवर्षी चोवीस एप्रिलला आर्मेनियन लोक १९१५ सालच्या कत्तलीत गेलेल्या आपल्या माणसांची आठवण करतात. या वर्षी चर्चच्या हॉलमध्ये मुलांनी आपापल्या घरातल्या, त्यातून वाचलेल्या माणसाची गोष्ट वाचून दाखवायची होती. अनयाला तिच्या पणजोबांची, म्हणजे आरक्सीबाईंच्या वडिलांची, मिसाक चिलिंगिरियन यांची गोष्ट वाचायची होती. आरक्सीबाईंनी लग्नानंतरही वडिलांचंच आडनाव ठेवलं होतं, आणि नवरा लवकर गेल्यावर मुलालाही तेच लावलं होतं.

“आजी, यू हेल्प विथ द डेट्स,” अनया म्हणाली. “नेने डेट्स सांगतच नाही.”

रविवारी दोघी लिव्होनियाला आरक्सीबाईंच्या घरी गेल्या. बाईंनी कॉफी केली, छोट्या कपांत ओतली, खुर्चीवर ताठ बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून सुरू झाल्या. बोलणं इंग्रजीतच, पण त्या वेळी त्यांचा आवाज वेगळाच लागे. वडिलांची गोष्ट त्या वडिलांच्याच तोंडून, ‘मी’ म्हणून सांगत.

“गच्चीवर तुती वाळत घातल्या होत्या. आई म्हणाली, मिसाक, पाखरं हाकल. मी काठी घेऊन वर गेलो. वरून मला रस्त्यावर घोडे दिसले.”

मग शिपाई, मग गाव सोडून चालणं, नदी. तिसऱ्या दिवशी पाणी आणायला उतरलेली आई परत आली नाही. बहिणीने हात धरला होता तो एका रात्री सुटला. कुणी तरी उचलून गाडीत घातलं, पुढे बैरूतजवळचं अनाथालय, आणि तेरा वर्षांचा असताना डेट्रॉइटच्या काकाने पाठवलेलं जहाजाचं तिकीट.

शोभाताईंनी ही गोष्ट याआधी तीनदा ऐकली होती. साखरपुड्यात, अनयाच्या बारशाला, आणि त्र्यंबकराव आजारी असताना एकदा. आता चौथ्यांदा ऐकताना त्यांच्या ध्यानात आलं की यातला एक शब्दही बदललेला नाही. ‘काठी घेऊन वर गेलो’ नंतर बाई थांबतात तिथेच थांबल्या होत्या. पाठ केलेली रामरक्षा म्हणावी तसं.

“बहीण मोठी होती की धाकटी?” शोभाताईंनी विचारलं.

आरक्सीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “ते त्यात नाहीये,” त्या म्हणाल्या.

“पण वडील कधी बोलले असतील ना?”

“हे कुणी विचारायला सांगितलंय?”

“कुणी नाही. अनयाच्या वहीसाठी.”

“वहीत जे सांगितलं ते लिहा, डॉक्टर.” बाईंनी कप उचलले. शोभाताईंची कॉफी अजून अर्धी होती.

घरी येताना अनया मागच्या सीटवर वही उघडून बसली होती आणि शोभाताईंच्या डोक्यात तेच एक वाक्य फिरत होतं. ‘ते त्यात नाहीये.’ म्हणजे कशात नाही? बापाच्या आयुष्यात, की गोष्टीत? ज्याने एखादी गोष्ट भोगली तो ती दर वेळी थोडी वेगळी सांगतो. एखादं नाव विसरतो, एखादी नवी आठवण सांगतो. शब्दाला शब्द तसाच येतो तो पढवलेल्या साक्षीदाराचा.

पुढचे आठ दिवस त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. कुलवृत्तांतामुळे जुनी कागदपत्रं कशी हुडकायची हे त्यांना ठाऊक झालं होतं. न्यूयॉर्कला उतरलेल्या जहाजाची यादी सापडली: मिसाक चिलिंगिरियन, वय तेरा, मार्च १९२३, जाणार काकाकडे. तारीख जुळली. त्यांना थोडी लाजही वाटली. पण मग दुसरी काच मागवायची सवय आड आली. एका संग्रहालयाने त्या अनाथालयाच्या नोंदवह्यांचे फोटो वेबसाइटवर ठेवले होते. इंग्रजीत, तिरक्या बारीक अक्षरात लिहिलेल्या. चौथ्या वहीच्या एकोणसाठाव्या पानावर तो सापडला.

मिसाक चिलिंगिरियन. वडील नझारेत. गाव खारपेर्तजवळचं. वय सुमारे तेरा. शेवटच्या रकान्यात दुसऱ्या शाईने: विषमज्वराने मृत्यू, नोव्हेंबर १९२२.

शोभाताईंनी ते पान मोठं करून पाहिलं, मग आणखी मोठं करून. चूक नव्हती. नोव्हेंबरात मेलेला मुलगा मार्चमध्ये जहाजातून उतरला होता.

त्यांनी ते छापून घेतलं. पुढे कित्येकदा त्यांना वाटलं की तिथेच थांबायला हवं होतं. पण त्या वेळी मनात दुसरंच होतं. या बाईने माझ्या मुलीच्या घरात, माझ्या नातीच्या तोंडी एक बनावट गोष्ट घातलीय, आणि बारा वर्षं मला जे खटकत होतं ते हेच. आपलं बरोबर निघालं याचा एक बारीकसा आनंदही त्यात होता. तो त्यांनी स्वतःशीही कबूल केला नाही.

अदिती शुक्रवारी अनयाला घ्यायला आली तेव्हा त्यांनी तो कागद तिच्यापुढे ठेवला.

अदितीने वाचला. “आई, हे तू कशाला काढलंस?”

“कशाला म्हणजे? पोरगी सगळ्यांसमोर उभी राहून वाचणार आहे. खरं आहे का खोटं हे नको बघायला?”

“तुला त्यांचं काहीच पटत नाही. लग्नापासून बघतेय मी.”

“माझ्या पटण्याचा प्रश्न नाही, अदिती. नोंद आहे ती.”

अदितीने कागद घडी करून पर्समध्ये टाकला. तिने तो नवऱ्याला दाखवला, आणि रविवारी जेवताना राफीने आईला साधेपणाने विचारलं, की हे काय आहे. अदितीने मागाहून फोनवर सांगितलं: बाईंनी कागदाकडे नीट पाहिलंही नाही. आधी विचारलं, हा कुणी आणला. मग उठून तो कागद पर्समध्ये टाकला, कोट घातला आणि गाडी घेऊन निघून गेल्या. संध्याकाळी चर्चमध्ये फोन करून त्यांनी अनयाचं नाव वाचणाऱ्या मुलांतून काढायला सांगितलं.

“अनया रडतेय,” अदिती म्हणाली. “आता काय करायचं ते तू सांग.”

मंगळवारी दुपारी आरक्सीबाई स्वतः गाडी चालवत नोव्हायला आल्या. बेल वाजली तेव्हा शोभाताईंनी दाराच्या भिंगातून पाहिलं. बाहेर ती ठेंगणी बाई, डोक्याला रुमाल, पर्स छातीशी धरलेली. मिनिटभर त्यांना दार उघडूच नये असं वाटलं.

बाई आत येऊन बसल्या, पण कोट काढला नाही. बोलायच्या आधी त्यांनी टेबलावरचा शोभाताईंचा फोन उचलून पालथा ठेवला.

“कुणासाठी करता हे काम?” त्यांनी विचारलं.

“कसलं काम?”

“माझी माहिती काढायचं. तुम्ही पहिल्या भेटीपासून तारखा विचारता. साखरपुड्यात विचारलं होतंत, माझे वडील नागरिक कधी झाले. मी तेव्हाच राफीला म्हटलं, या बाईला हे कशाला हवंय?”

शोभाताईंना ते आठवलंही नव्हतं. इतकी वर्षं आपण हिच्यावर नजर ठेवून आहोत असं त्यांना वाटत होतं, आणि ही त्यांच्यावर ठेवून होती.

“मी कुणासाठी काही करत नाही,” त्या म्हणाल्या. “मला गोष्ट खरी वाटली नाही. एवढंच.”

“गोष्ट खरी आहे.”

“मग नोंद खोटी?”

“नोंदही खरी आहे,” आरक्सीबाई म्हणाल्या. शोभाताईंनी पाणी आणून ठेवलं, त्याला त्यांनी हात लावला नाही.

“मिसाक मेला,” त्या अखेर बोलल्या. “त्याच्या शेजारच्या खाटेवर एक मुलगा झोपायचा. त्याच वयाचा असेल, नक्की कुणालाच माहीत नाही. त्याला अगदी लहान असताना कुणी तरी रस्त्यातून उचललं होतं. आई, गाव, आडनाव, काही ठाऊक नव्हतं. आपलं नाव तो मानूग सांगायचा, कारण कुणी तरी आपल्याला तसं हाक मारायचं एवढं त्याच्या कानात होतं. मानूग म्हणजे नाव नव्हे, डॉक्टर. मानूग म्हणजे बाळ. अनाथालयात मुलं त्याला हसायची.”

शोभाताईंनी खुर्ची थोडी जवळ ओढली.

“मिसाक त्याला रोज आपल्या घराचं सांगायचा. गच्ची, तुती, घोडे. याच्याकडे सांगायला काहीच नव्हतं, म्हणून हा ऐकायचा. मिसाक तापाने गेला. आणि फेब्रुवारीत त्याच्या काकाचं पत्र आलं, तिकीट आलं. अंगणात सगळ्या मुलांना उभं करून नाव पुकारलं. माझे वडील कधी सांगायचे, मी पुढे झालो. कधी सांगायचे, कुणी तरी मागून ढकललं. खरं काय ते मला माहीत नाही. त्यांनाही नसावं.”

“आणि नोंदवही कुणी पाहिली नाही?”

“एका मुलाला पोटभर खायला मिळत असेल तर तिथल्या बायका वही कशाला उघडतील?” आरक्सीबाईंनी प्रथमच त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. “जहाजावर वीस दिवस त्यांनी ती गोष्ट घोकली. बंदरावरचा अधिकारी विचारेल, काका विचारेल. एक शब्द चुकला तर परत पाठवतील. मग ती तशीच राहिली. मलाही त्यांनी तशीच शिकवली, शब्दाला शब्द. चुकले की पहिल्यापासून म्हणायला लावायचे.”

“काकाला कळलं नाही?”

“मिसाकच्या मानेवर भाजल्याचा डाग होता. लहानपणी तंदूरशी खेळताना भाजलेलं. काका स्टेशनवर घ्यायला आला. त्याने याची कॉलर उलटी करून मान पाहिली. मग कॉलर नीट केली, वरचं बटण लावलं, आणि म्हणाला, चल, उशीर होतोय. पुढे तीस वर्षं एका घरात राहिले. पुन्हा त्या विषयावर एक अक्षर नाही.”

खाली पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीचा अलार्म वाजायला लागला आणि थांबला. बाई लगेच खिडकीकडे वळल्या होत्या.

“हे राफीला सांगायला हवं,” शोभाताई म्हणाल्या. “त्याच्यापासून काय लपवायचं? त्यात कुणाची अब्रू जातेय?”

“खोट्या कागदावर आलेल्या माणसाची मुलगी आहे मी. वडील दर वर्षी म्हणायचे, एक दिवस येतील आणि वही उघडतील. मरेपर्यंत म्हणायचे.”

“तुम्ही इथे जन्मलात, आरक्सी. तुम्हाला कोण काय करणार आहे?”

“तुमच्या पर्समध्ये काय आहे?” बाईंनी विचारलं. “अदितीने सांगितलंय मला. हल्ली दुकानात जातानाही पासपोर्ट बरोबर असतो तुमच्या. नागरिक होऊन किती वर्षं झाली?”

शोभाताईंना एकोणचाळीस म्हणवेना.

“आणि तेवढंच नाही,” बाई जरा हळू आवाजात म्हणाल्या. “चोवीस एप्रिलला आमच्या घराकडून मिसाकचं नाव घेतात. त्याचं सगळं घर संपलं. काकाला मूलबाळ नव्हतं. उद्या मी सांगितलं की माझे वडील मिसाक नव्हतेच, तर त्या मुलाचं नाव कोण घेईल? आणि माझ्या वडिलांचं तरी काय घेतील? बाळ?”

“पण मग तुमच्या घराच्या इतिहासात खोटंच राहील.”

“तुम्ही तुमच्या घराचं पुस्तक करताय ना. अदिती सांगत होती. त्यात सगळी माणसं आहेत?”

शोभाताई ‘हो’ म्हणणार होत्या. पण समोर बसलेली बाई आपल्याकडे कशी बघतेय हे त्यांनी पाहिलं. त्र्यंबकरावांची धाकटी बहीण सुवर्णा. १९७४ साली नागपुरात तिने घरच्यांच्या मनाविरुद्ध परधर्मात लग्न केलं आणि शोभाताईंच्या सासऱ्यांनी तिचं नाव टाकलं. त्र्यंबकरावांनी जाण्याआधी बजावलं होतं, ते पान आहे तसंच राहू दे. पाच भावंडांच्या जागी चार, हे शोभाताईंनीच टाइप केलं होतं. सुवर्णा कॅरीला मुलाकडे असते. तिला त्यांनी कुठल्याही तारखेसाठी फोन केला नव्हता.

“एक नाही,” त्या म्हणाल्या.

“कुणी काढलं?”

“टाइप मी केलं.”

आरक्सीबाईंनी मान हलवली. त्यात विजय वगैरे काही नव्हता. त्यांनी उठून कोटाचं बटण लावलं. “राफीला सांगा, तुमची चूक झाली. तुमचं तो ऐकेल. तुम्ही कधी चुकत नाही असं त्याला वाटतं.”

बाई गेल्यावर शोभाताई स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. चौतीस वर्षांत त्यांनी एकाही खोट्या रिपोर्टवर सही केली नव्हती. एकदा एका सर्जनने गयावया केली होती, तरी नाही. आणि दुसरी एक शंका डोकं वर काढत होती: हे जे आज सांगितलं, ते तरी खरं कशावरून? मानेवरचा डाग, कॉलर, बटण. हेही पाठ केलेलं असलं तर? पण सांगताना बाई दोनदा अडखळल्या होत्या, आणि एकदा ‘मला माहीत नाही’ म्हणाल्या होत्या. शोभाताईंनी ते पुरावा म्हणून धरलं. दुसरा काही मिळण्यासारखा नव्हता.

त्यांनी अदितीला फोन लावला.

“अगं, त्या नोंदीचं. मी पुन्हा पाहिली. त्यात वडिलांचं नाव वेगळं आहे. मी नीट वाचलं नव्हतं. दुसराच कुणी मिसाक आहे तो.”

“तू नीट वाचलं नव्हतंस?”

“अक्षर फार बारीक आहे.”

“ओके,” अदिती म्हणाली. तिचा ‘ओके’ शोभाताईंना चांगला ओळखू येत होता. शाळेत असल्यापासून पटलं नाही की ती तसंच म्हणायची. “राफीला सांगते. आणि चर्चला फोन?”

“तो त्या करतील.”

चोवीस तारखेला संध्याकाळी हॉल भरला होता. अनयाचा नंबर पाचवा. निळा फ्रॉक घालून ती माइकसमोर उभी राहिली आणि तिने सुरुवात केली. गच्चीवर तुती वाळत घातल्या होत्या. ‘काठी घेऊन वर गेलो’ नंतर ती नेनेसारखीच थांबली. शोभाताईंनी आरक्सीबाईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ नातीबरोबर हलत होते. शेवटी अनयाने पणजोबांचं नाव घेतलं आणि हॉलमधल्या सगळ्यांनी ते मागोमाग उच्चारलं. मिसाक चिलिंगिरियन. शोभाताईंनीही उच्चारलं. बैरूतजवळच्या कुठल्याशा मातीत पुरलेल्या तेरा वर्षांच्या पोराला हे पोचतंय का, असा एक विचार मनात आला, आणि दुसऱ्याला, ज्याला नावच नव्हतं, त्याला काय म्हणावं हे त्यांना कळेना.

कार्यक्रम संपल्यावर कॉफीची गर्दी झाली. राफी दोन कप घेऊन शोभाताईंजवळ आला. एक त्यांना दिला.

“आई,” तो म्हणाला. तो त्यांना अदितीसारखंच आई म्हणायचा; मराठीतला तेवढाच शब्द त्याला नीट येत होता. बाकीचं इंग्रजीत, अगदी खालच्या आवाजात. “वेबसाइट सगळ्यांना उघडते. चौथी वही, पान एकोणसाठ. वडिलांचं नाव नझारेतच आहे.”

शोभाताईंनी आरक्सीबाई कुठे आहेत ते पाहिलं.

“मी तिला विचारणार नाही,” राफी म्हणाला. “माझं मधलं नाव मिसाक आहे, ते तसंच राहील. फक्त मी पाहिलंय हे तिला कळू देऊ नका. तिने तुम्हाला काय सांगितलं तेही मला सांगू नका. आता नको. ती असेपर्यंत नको.”

तो अनयाला शोधायला दाराकडे गेला. शोभाताई तिथेच उभ्या राहिल्या. आईचं मुलापासून लपवून ठेवायचं, मुलाचं आईपासून. आणि अदिती दोघांकडे बघून तिसरंच काही ताडणार.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला आरक्सीबाई कुणाशी तरी बोलत होत्या, पण नजर इकडेच होती. बोलणं अर्धवट टाकून त्या सरळ चालत आल्या.

“काय म्हणत होता?”

“काही नाही. कॉफी कडू झालीय का विचारत होता.”

आरक्सीबाईंनी त्यांच्या हातातून कप घेतला, एक घोट प्यायल्या, आणि परत दिला.

“चांगली गोड आहे,” त्या म्हणाल्या, आणि राफी ज्या दारातून गेला होता तिकडे बघत राहिल्या.